जोडीचा गिअरबॉक्स

"इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स बसवा, काका. जोडीचा आहे. दुसरा घ्याल तर मधली प्लेट बनवा, शाफ्ट कापा, नसता व्याप."

मिस्त्रीचं बरोबर होतं. काकांच्या जुन्या जीपच्या इंजिनाने केव्हाच मान टाकली होती. मुलाच्या चेंदामेंदा झालेल्या गाडीतलं इंजिन तेवढं धड निघालं होतं. डोंगर उतरताना ब्रेक गेले, असं सगळे म्हणाले होते. निदान त्याचं इंजिन तरी आपल्या दारात धडधडावं, असा त्याच्या आईचा हट्ट होता.

"पण बॉक्स चांगला आहे ना?" काकांनी विचारलं.

"एक दात तुटलेला नाही." मिस्त्रीने हाताने शाफ्ट फिरवून पाहिला. "गाडी दरीतून काढल्यापासून याला कुणी हात लावलेला नाही. बघा, अजून पाचव्या गिअरमध्येच आहे."

काका तिथल्याच एका टायरवर बसले. याच जीपमध्ये पोराच्या शेजारी बसून त्यांनी शिकवलं होतं, उतारावर ब्रेक गेले तर घाबरायचं नाही, एकेक गिअर खाली आणत गाडी आवरायची. इतक्यांदा, की पोरगा वैतागून म्हणायचा, "बाबा, झोपेत विचारलंत तरी सांगेन."

"मग हाच बसवू ना?"

"दुसरा बसवा. प्लेट बनवा, शाफ्ट कापा, काय वाट्टेल ते करा."

"आणि याचं काय करू?"

"भंगारात द्या, आजच. त्याच्या आईने विचारलं तर सांगा, ब्रेकबरोबर हाही गेला होता."