गळ्याप्रमाणे गिटार

थोरलीनं गिटार मांडीवर ओढली आणि सगळ्यात जाड तारेची खुंटी उलटी पिळायला सुरुवात केली.

"ताई, अगं काय करतेस? आत्ताच लावलीय मी!"

"माहितीय. मोबाईलवर सूर जुळल्याचा हिरवा दिवा लागला की तुझं झालं."

टायरच्या दुकानावरची ती खोली दोघी बहिणींची तालमीची. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, पंखा आवाज करतो म्हणून कायम बंद. थोरली गाणारी, धाकटी वाजवणारी. दोन महिन्यांपूर्वी थोरलीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि जाताना निम्मा आवाज घेऊन गेली. शनिवारी कार्यक्रम होता. तिच्या जागी गायला एक नवी मुलगी आज चार वाजता यायची होती. तिला धाकटीनंच बोलावलं होतं, आणि हे थोरलीला कळलं ते सव्वातीनला.

ती रडली नाही, भांडली नाही. "अजून पाऊण तास आहे," एवढंच म्हणाली.

आता ती 'आ'चा सूर लावत होती. आवाज खरखरत वर चढला, फाटला, खाली घसरला आणि एका जागी टेकला. तिथं तो स्थिर राहिला. तिनं तार त्या जागेवर आणून सोडली.

"रोज शोधतेय," ती म्हणाली. "पाच जागा सापडल्यात. तिथं आवाज फुटत नाही. मधे मात्र खड्डेच खड्डे."

"मग मी सगळं गाणं दोन सूर खाली घेते ना."

"गेल्या आठवड्यात घेऊन झालं. खड्डे जागचे हलले नाहीत, गाणंच त्यात पडलं."

"पण अशी गिटार कुणी लावत नाही, ताई!"

"आणि असा गळा मला कुणी विचारून दिला होता?"

दुसरी तार इतकी सैल झाली की पट्ट्यांवर खरखरू लागली. तिसरी मात्र चढवायची होती. खुंटी कुरकुरली. धाकटीनं डोळे गच्च मिटले.

"तुटेल ती."

"तुटली तर दुसरी चढव. तारा दुकानात मिळतात."

तार तुटली नाही. पाच तारांना पाच सूर मिळाले, सहावी उरली. थोरलीनं जरा विचार केला आणि ती पाचवीच्याच सुरात लावून टाकली. तो सूर लवकर दमतो, त्याला सोबत हवी, असं तिचं म्हणणं.

धाकटीनं मोबाईल पुढं धरला. सूर दाखवणारा काटा दर तारेला भलतीकडंच. मग तिनं गिटार घेतली, सवयीनं बोटं ठेवली आणि छेडलं. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला.

"बघ! चौदा वर्षांत शिकलेलं एक बोट जागेवर पडेल तर शपथ. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय तुझं!"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. थोरलीला मात्र हसू फुटलं.

"खरंय. करतेच आहे अंगण वाकडं. पण नाच सोडणार नाही. बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा श्रीगणेशा करतेय, छोटे. तुझ्या बोटांना काय धाड भरलीय?"

धाकटीला संताप आला. शनिवारी चारचौघांत हसं होणार ते दोघींचं, ताईला त्याचं काही नाही! त्या तिरमिरीतच तिनं डावा हात काढून घेतला आणि काहीही न दाबता मोकळ्या तारांवरून अंगठा ओढला.

खोली घुमली. दोन महिने ज्या आवाजाची धाकटी कीव करत होती, तोच आता तिच्या मांडीवर वाजत होता, आणि त्याला कुणाची कीव नको होती. तिनं पुन्हा अंगठा फिरवला. मग एक बोट ठेवून बघितलं, चुकलं. दुसरीकडं ठेवलं.

थोरली गाऊ लागली. गाणं त्यांचं नेहमीचंच, पण वरच्या उड्या गाळून पाच सुरांत बसवलेलं. एके ठिकाणी गळा चिरलाच. ऑपरेशनपासून अशा वेळी धाकटी जोरात छेडून ते झाकून टाकायची. आज तिनं हात उचलून घेतला. चिरलेला सूर तसाच उघडा ऐकू आला आणि थोरली पुढं गात राहिली.

दार वाजलं. चाराला पाच मिनिटं कमी होती. नवी मुलगी वही छातीशी धरून आत आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि गाणं थांबल्यावर भीतभीत म्हणाली, "गिटार उतरलीय वाटतं. लावून देऊ का?"

धाकटीनं खुंट्यांवर तळहात ठेवला. "उतरली नाहीये. मुद्दाम लावलीय."

मुलीनं ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "पण यात माझा आवाज बसतच नाहीये."

थोरली पाठमोरी उभी राहून पाणी पीत होती. तिनं मान वळवली नाही.

धाकटीनं पायानं स्टूल मुलीकडं सरकवलं. "बस. ऐकायला कुणीतरी हवंच होतं आम्हाला."