चौथा खिळा

वारलूने शिडी दाराला टेकवली आणि तिच्या दोन्ही पायांखाली ओलं पोतं घातलं.

ओव्हरसियर घड्याळ पाहत होते. सोमवारी चांद्याहून पाहुणे किल्ला बघायला येणार होते. त्याआधी संरक्षित स्मारकाची निळी पाटी मुख्य दरवाजावर लागलीच पाहिजे, असा हुकूम होता.

"साहेब, पाटी भाईर खांबावर लावू," वारलू हळूच म्हणाला. "खांब मी आत्ता गाडून देतो."

"हुकूम दरवाजाचा आहे. आणि चौकीदार असून कुजबुजतोस कशाला?"

"कमानीखाली कोनी बोलत नाई, साहेब. जोडे बी हातात घेऊन जातेत."

"का, देव आहे इथे?"

"देव नाई." वारलूने मान न हलवता फक्त बोट वर केलं. "आग्या मोहोळ हाये."

ओव्हरसियरांनी वर पाहिलं नाही. "किल्ला राखतोस आणि माश्यांना भितोस," असं म्हणून ते वळले. त्यांच्या बुटांचे खिळे फरशीवर वाजले. वारलूने डोळे मिटून घेतले.

दोन वर्षांपूर्वी एका वरातीने इथे ढोल वाजवला होता. नवरदेवाच्या दमणीचे बैल जागीच पडले. त्याचा काका दुसऱ्या दिवशी गेला.

दरवाजाच्या आत दहा पावलांवर चौकीदाराची खोली होती. तिला दार नव्हतं, गोणपाट टांगलेलं होतं. आत वारलूची लेक गिरजा बाळंतीण होती. बाळ आठ दिवसांचं. बारा दिवस होईपर्यंत तिने उंबरा ओलांडायचा नव्हता.

"पोरीले आधी भाईर नेतो, साहेब. उंबऱ्याचं मी पाहून घेईन."

"जीप कधीची उभी आहे. चार खिळे मार, मग कोणाला न्यायचं त्याला ने. जमत नसेल तर सांग, दुसरा चौकीदार बघतो."

वारलूने खांद्यावरचा दुपट्टा मडक्यात बुडवला, चार पदरी करून हातोडीला गुंडाळला आणि शिडी चढला.

पहिला खिळा. आवाज दबका आला. वर काळ्या पडद्यावरून एक लाट गेली, धानावरून वारा जावा तशी. वारलू ती थांबेपर्यंत थांबला.

दुसरा खिळा. एक माशी येऊन त्याच्या मनगटावर बसली, बोटांपर्यंत चालत गेली. त्याने हात हलवला नाही.

तिसऱ्या खिळ्याला दुपट्टा फाटला आणि लोखंड लोखंडावर वाजलं. कमानीत गुणगुण उठली. वारलूने खोलीकडे पाहिलं. गोणपाट किंचित हललं. आतून गिरजाने त्याची खालची कड दगडाने दाबून टाकली.

गुणगुण उतरली, पण पुरती थांबली नाही.

वारलू एकेक पायरी खाली आला. पाटीचा एक कोपरा मोकळाच होता.

"चौथा राहिला," ओव्हरसियर म्हणाले. आता त्यांचाही आवाज खाली आला होता.

वारलूने दोन्ही हातांनी हातोडी त्यांच्यापुढे धरली.

"चौथा तुमी मारा, साहेब. मी पोरीजवळ बसतो."

तो अनवाणी चालत खोलीत शिरला आणि गोणपाट पुन्हा खाली पडलं.

ओव्हरसियरांनी पहिल्यांदा वर पाहिलं. कमानीचा दगड कुठेच दिसत नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं काळं होतं आणि ते श्वास घेत होतं.

त्यांनी हातोडी जमिनीवर आवाज न करता ठेवली, सावकाश वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.