कोंबड्या खुराड्यात जात नाहीत

दिवेलागण झाली तरी कोंबड्या खुराड्यात शिरायला तयार नव्हत्या. एक भिंतीवर जाऊन बसली होती. बाकीच्या दारापर्यंत यायच्या, माना लांब करून आत बघायच्या आणि मागे पळायच्या. सोजराबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता, पण तो कोंबड्यांपायी नव्हे. आत जावई चहा पीत बसले होते आणि अंधार पडायच्या आत त्यांना बायकोला, करिष्माला, घेऊन बुलढाण्याला निघायचं होतं.

जावई म्हणजे लाखात एक. राजकुमार आल्याआल्या पाया पडला, जिलबी आणली, सासऱ्याच्या गुडघ्याची विचारपूस केली. अशा माणसाचं घर सोडून पोरगी सणवार नसताना माहेरी येते आणि चार दिवस गप्प बसून राहते, याला काय म्हणावं? सोजराबाईनं तिला काही विचारलं नव्हतं. विचारलं की ऐकावं लागतं, याची तिला भीती वाटत होती. तिनं नुसतंच समजावलं होतं आणि आज दुपारी लेकीची पिशवी आपल्याच हातानं भरली होती.

करिष्मा अंगणात काठी घेऊन कोंबड्यांमागे धावत होती. दोन आत घालाव्यात तर तीन बाहेर येत होत्या. ओसरीवरून सोजराबाईच्या नवऱ्यानं, उत्तमरावांनी, सल्ला दिला की धरून कोंबा एकेकीला, कडी लावली की आपोआप गप्प होतात. सोजराबाई आठवडाभर तेच करत आली होती. तिनं कबरी कोंबडी पकडली आणि दारातून आत ढकलली. कबरीनं चौकटीला नखं रुतवली आणि असा काही गलका केला की शेजारची कुत्रीही उठली.

नखं सोडवायला सोजराबाई वाकली आणि तिच्या मनगटावर काहीतरी सरसर चढलं. तिनं मोबाईलचा उजेड पाडला. कोंबड्या ज्या दांडीवर बसायच्या, तिच्या भेगांतून मोहरीहून बारीक किडे निघत होते. तिनं एक चिरडला. बोट लाल झालं. रात्रभर हे कोंबड्यांचं रक्त पीत होते, आणि तुरे फिके पडले म्हणून ती उन्हाला नावं ठेवत होती. कबरीला तिनं पटकन छातीशी धरलं. आठवडाभर आपणच यांना आत कोंबून बाहेरून कडी लावली, या विचारानं तिला भडभडून आलं.

"सकाळी झाडलं तवा त आत काईच नव्हतं वं," ती म्हणाली.

"दिवसा नाई दिसत, माय."

करिष्मा खुराड्याकडे बघत नव्हती. ती घराच्या दाराकडे बघत होती. सोजराबाईनं लेकीच्या तोंडावर उजेड धरला आणि लगेच खाली केला.

तेवढ्यात राजकुमार हातात हेल्मेट घेऊन बाहेर आला. कोंबड्यांची गंमत बघून हसला, निघू या का, उशीर होतोय, असं अगदी गोड आवाजात म्हणाला. करिष्मानं काठी भिंतीला टेकवली आणि ओसरीवरची पिशवी उचलली.

सोजराबाई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. कबरी अजून तिच्या काखेत होती. मोकळ्या हातानं तिनं पिशवी काढून घेतली.

"जवाईबापू, तुमी निंघा. करिष्मा नाई येत."

राजकुमारचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याची बोटं हेल्मेटवर घट्ट झाली. उत्तमराव ओसरीवरून गडबडून उठले.

"काऊन नाई येत?" त्यांनी विचारलं.

"तेच त म्या तिले अजून इचारलं नाई," सोजराबाई म्हणाली, आणि लेकीचा हात धरून तिथंच अंगणात खाली बसली.