दोनदा घासलेली बरणी

या, जरा पुढे सरकून बसा. एका भोळ्या मायेची गोष्ट सांगते. प्रयोगशाळेत प्रबंधासाठी राबणाऱ्या एका मुलीच्या, पाण्यातल्या इवल्या पिसवांच्या दोन बरण्या होत्या. एकीत प्लास्टिकचे कण मिसळलेले, दुसरीत नुसतं स्वच्छ पाणी. मेल्या मात्र दोन्हींतल्या.

“म्हणजे दोष प्लास्टिकचा नाही. तीन वर्षं फुकट गेली तुझी,” तिचे सर म्हणाले.

“दोष त्याचाच आहे, सर.” मुलीनं स्वच्छ पाण्यातली पिसू भिंगाखाली धरली. “हिच्या काचेसारख्या पोटात बघा, निळे तंतू अडकलेत.”

ते ऐकून बरण्या धुणाऱ्या मावशी पुढे आल्या. “स्वच्छ पाण्याची म्हणून ती मी निळ्या नायलॉनच्या घासणीनं दोनदा घासली गं, पोरी!”

“नायलॉन म्हणजे प्लास्टिकच की! मावशी, प्रबंध वाचवलात माझा!”

प्रबंधावर नाव मुलीचं एकटीचं आहे. चारचौघांत चूक कबूल करणाऱ्या मावशींना तुम्ही तेवढं आठवा, मायबाप.