झेंडूचा हार

सुनेच्या सोनोग्राफीसाठी गोपिकाबाई सरकारी दवाखान्यात आली, की एकच उत्तर मिळायचं, "मशीन आहे, पण डॉक्टर सुट्टीवर आहेत. वर्ध्याले घेऊन जा." सातवा महिना लागलेल्या आचलने एसटीचे धक्के खात वर्ध्याला जायचं कसं, हे कुणी सांगायचं नाही. दारावरच्या फोटोतले डॉक्टर मात्र हसत असायचे.

खंडेनवमीला सकाळीच सिस्टरचा फोन आला. "काकू, तुमच्या वावरातल्या झेंडूचा मोठा हार आणजा. सोनोग्राफीच्या मशीनची पूजा आहे."

मशीन सुरू झाली असणार, म्हणून गोपिकाबाई हारासोबत आचललाही घेऊन गेली. बघते तर मशीनवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. सिस्टरने त्या प्लास्टिकवरच कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला.

"अन् डॉक्टर?"

"सुट्टीवर आहेत न, काकू."

गोपिकाबाईचं टाळकंच सणकलं. तिने मशीनवरचा हार ओढून काढला आणि दारावरच्या त्या हसऱ्या फोटोला घातला.

"अवो काकू, जित्या माणसाच्या फोटोले हार घालतात काय!" सिस्टर किंचाळली.

 

"जिता हाय तं दाखव न मले!"