उसने ‘स’

“‘सांज’ म्हणा,” काचेपलीकडून विवेक म्हणाला.

“थांज,” आसावरी म्हणाली.

विवेकने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. रियाधमधल्या त्या भाड्याच्या स्टुडिओत सकाळपासून हेच चाललं होतं. मराठी मंडळाची पहिली रेकॉर्ड निघायची होती. मोबाइलवरची नव्हे, खरीखुरी काळी तबकडी. मंडळाचा अध्यक्ष विवेक, आणि गीतही त्याचंच. अनुप्रासाच्या भरात त्याने त्यात मुठीने ‘स’ पेरले होते. ‘सांज सरली, सूर उरला, सावलीही सोडून गेली.’

मंडळात गाणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. त्यांचे उच्चार स्वच्छ होते आणि त्यापलीकडे त्यांच्या गाण्यात काही नव्हतं. आसावरी गायला लागली की माणसं हातातला चमचा खाली ठेवायची. फक्त तिचा ‘स’ लहानपणापासून ‘थ’ व्हायचा. शाळेत त्यावरून तिला इतकं चिडवलं होतं की ती मोजकं बोलायला शिकली. लोक म्हणत, स्वभावाने शांत आहे.

रेकॉर्डला तिने आधी नाहीच म्हटलं होतं. मग एका शुक्रवारी सगळे विवेककडे जेवायला जमले. विवेक नोकरी करायचा बँकेत, पण जीव अमेरिकन सोल संगीतात. घरात भिंतभर रेकॉर्डी. जेवणं झाल्यावर त्याने एक लावली आणि डोळे मिटून घेतले.

“हा गडी ‘स’ कसा खातो, ऐका,” तो पाहुण्यांना म्हणाला. “बोबडा आहे. पण जीभ अडखळते ना, तिथेच आतला माणूस दिसतो. याला म्हणतात सोल.”

परतताना गाडीत आसावरी नवऱ्याला म्हणाली, “मी गाते.” ते ऐकून सुमीत इतका हरखला की हायवेवरचा त्याचा एक्झिट चुकला.

आणि आता काचेपलीकडे विवेक कपाळ चोळत बसला होता.

“राहू दे ना तथंच,” आसावरी माइकमध्ये म्हणाली. “त्यात थोल आहे, तुम्हीच म्हणाला होतात.”

“अहो, ते इंग्रजीत,” विवेक म्हणाला. “मराठीचं वेगळं आहे. मराठीला शुद्धतेची परंपरा आहे.”

उरलेलं गाणं तिने जसं येत होतं तसं गाऊन टाकलं आणि निघून गेली.

रेकॉर्डिंग करणारा नसरुद्दीन चिपळूणचा. गेली कित्येक वर्षं तो रियाधमध्ये लग्नांची गाणी आणि दुकानांच्या जाहिराती जुळवत होता. त्याने मान हलवली. “होईल. बाईंचे ‘स’ कापायचे, दुसऱ्या कुणाचे चिकटवायचे. पण ‘स’ आणायचे कुठून?”

विवेकने ते घरूनच आणले. त्याची बायको शालिनी दुसऱ्या दिवशी पैठणी नेसून स्टुडिओत आली. तिने घसा खाकरला आणि स, सा, सि, सी असं ओळीने म्हणून दाखवलं. ‘सू’ तिच्या मनासारखा झाला नाही, म्हणून तो पुन्हा घेतला. आसावरीला यातलं कुणी काही सांगितलं नाही. वेळ येताच सांगू, असं विवेक म्हणाला.

प्रकाशनासाठी शहराबाहेरचं एक इस्तिराहा, म्हणजे सहलीचं विश्रामगृह, भाड्याने घेतलं होतं. हिरवळीवर सतरंज्या, पलीकडे जेवणाची टेबलं, कडेला खेळणारी मुलं. विवेकने तबकडीवर सुई ठेवली. आसावरीचा आवाज हिरवळभर पसरला.

आसावरीने तो ऐकला. आवाज तिचाच होता. पण प्रत्येक ‘स’वर कुणीतरी परकी बाई आत येत होती आणि पुढच्या अक्षराआधी निघून जात होती. मशीनमुळे तसं वाटत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

गाणं संपलं. लोक तिच्याभोवती गोळा झाले. “काय उच्चार आहेत हो,” एक गृहस्थ म्हणाले. “विशेषतः ‘स’,” त्यांची बायको म्हणाली. तिसऱ्याने तर तो ‘स’ पुन्हा ऐकायला मागितला. शेजारी उभ्या असलेल्या शालिनीने दोन कौतुकं कशीबशी सोसली. तिसरं तिला सोसवेना.

“ते ‘स’ माझे आहेत,” ती म्हणाली. “सगळेच्या सगळे.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग विवेक पुढे झाला आणि तंत्रज्ञान आता किती पुढे गेलंय, ते समजावून सांगू लागला. आसावरीने हातातली ताटली टेबलावर ठेवली. ती सरळ माइकपाशी गेली आणि पेटी, तबला काही नसताना गायला लागली. “थांज थरली, थूर उरला...”

एका मुलाला हसू आलं. त्याच्या आईने त्याला दटावलं नाही, कारण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ‘थावलीही थोडून गेली’ म्हणताना आसावरीची जीभ दातांवर अडली, आणि ज्याला खरोखरच कुणी सोडून गेलं होतं अशा प्रत्येकाने मान खाली घातली. त्यात विवेकही होता. गाणं संपलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

“नसरुद्दीन,” तो कुजबुजला, “हे कुणी रेकॉर्ड केलं का?”

कुणी केलं नव्हतं.

आसावरीने माइक अजून खाली ठेवला नव्हता. तिने गर्दीकडे पाहिलं.

“थुमीत, चल,” ती म्हणाली. “घरी जाऊ.”

सुमीत पुरीचा घास हातात धरून तसाच उभा राहिला. आपली बायको जुन्या वळणाची, नवऱ्याला कधी नावाने हाक मारत नाही, हे तो लग्नापासून सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगत आला होता.