घरभेदी

"बाई, हे तुमच्या सुईचं काम तर नाही ना?" वडिलांनी भिंगावरून नजर न काढता विचारलं.

चाळणीचा आवाज थांबला.

"माझी सुई शिंपल्याला लागली तर त्या दिवशी मला जेवण जात नाही, सर. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणूनच विचारतोय."

मुलगी डबा घेऊन दारातच उभी राहिली. संग्रहालयाची ही मागची खोली तिला लहानपणापासून पाठ होती. समुद्राच्या तळातली चिकणमाती इथे धुतली जायची, चाळली जायची आणि तिच्यात अडकलेले लाखो वर्षांपूर्वीचे शिंपले सुईनं मोकळे व्हायचे. सुई बाईंची, भिंग वडिलांचं. मुलगी बाईंना मावशी म्हणायची.

"ये गं," वडील म्हणाले. "हात धुऊन जेवू. माती खायचा मान फक्त बाईंचा."

एरवी मावशीनं उलट टोला दिला असता. आज ती हसलीही नाही.

टेबलावर तो शिंपला होता. नखाएवढा, एका भोकाचा. भोकं तशी शेकडो शिंपल्यांना असतात. शिकारी गोगलगाय बाहेरून भोक पाडते आणि आतला जीव खाते. असं भोक बाहेर रुंद, आत निमुळतं. या एकाचं उलटं होतं. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी त्यावर निबंध लिहिला होता: कुणीतरी शिंपला उघडा असताना आत शिरलं, पोट भरलं आणि आतून पोखरत बाहेर पडलं. त्या शिकाऱ्याला त्यांनी नाव दिलं, घरभेदी. आधी सगळे हसले. मग घरभेदी पुस्तकांत गेला आणि त्याच्या मागोमाग वडीलही.

आता बाहेरच्या एका तज्ज्ञानं नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढून पाठवले होते. भोकाच्या आत गोल ओरखडे दिसत होते.

"आतलाच कुणीतरी," वडील पुटपुटले. पेनांच्या पेल्यातलं जुनं कर्कटक काढून ते दुसऱ्या एका शिंपल्यातली माती टोकरू लागले.

"शिंपल्याबद्दल बोलताय ना, बाबा?"

"मग आणखी कशाबद्दल?"

ते जेवले. मीठ कमी आहे म्हणाले. संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी मुलगी त्यांचं सामान आवरायला त्या खोलीत गेली. त्याच दिवशी तज्ज्ञही यायचा होता. खणात चष्म्याची दोन घरं निघाली, टाकाऊ शिंपले ओवलेली एक अर्धवट माळ निघाली आणि एक चिठ्ठी. वडिलांचं अक्षर. 'भोक धातूच्या टोकाचं. या खोलीत सुई एकाच हातात.'

तिनं चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

"काय सापडलं?" मावशी मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही.

"काही नाही."

"काही लिहून ठेवलेलं?"

"का? असायला हवं होतं?"

मावशीचं लक्ष माळेकडे होतं. "इथेच बसायचीस. भोकाचे टाकाऊ शिंपले सर तुला द्यायचे. गणितं सोडून ओवत बसायचीस." बोलता बोलता तिनं पेल्यातलं कर्कटक उचललं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं.

"ते कुठे नेताय?"

"धुवायला."

तज्ज्ञ आला. मोजकं बोलणारा माणूस. त्यानं शिंपला तासभर तपासला.

"लोखंडाचे ओरखडे. कुणीतरी हातानं पाडलेलं भोक आहे."

"कुणी?" मुलीनं विचारलं.

त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "ज्यांचं नाव त्यावर झालं, त्यांनाच विचारायला हवं होतं. अहवालात मला फसवणूक असंच लिहावं लागेल."

"माझ्या हातून झालं," मावशी म्हणाली. "माती काढताना सुई घसरली. सरांना मी कळू दिलं नाही."

"तीस वर्षं गप्प बसलात?"

"गप्प बसायला काय लागतं, साहेब?"

"पुन्हा कुठे तुम्हाला शिंपल्याला हात लावू देणार नाहीत, कळतंय ना?"

"नका लावू देऊ."

तो लिहू लागला. मुलीनं मावशीला खिडकीपाशी ओढलं.

"सुई तुमची नव्हती. हो ना?"

"हळू बोल." मावशीनं तज्ज्ञाकडे वळून पाहिलं. "नव्हती. पण सर गेले गं, त्यांना आता उत्तर देता येत नाही. मी माझं बघून घेईन." तिनं खिशातलं कर्कटक काढून मुलीच्या मुठीत कोंबलं. "हे मी रोज त्यांच्या हातात बघायचे. घरी ने. कुणाला दाखवू नकोस."

मुलीनं मूठ उघडली. कर्कटकाच्या पायावर ब्लेडनं कोरलेलं 'चौथी ब' अजून वाचता येत होतं.

ती टेबलापाशी गेली. तज्ज्ञाच्या कागदावर तिनं कर्कटक ठेवलं, त्याच्या शेजारी वडिलांची चिठ्ठी. तज्ज्ञानं वर पाहिलं. ती मात्र खुर्चीकडे पाहत होती.

"बाहेरून टोक घसरत होतं, बाबा, म्हणून मी आतून पाडलं," ती म्हणाली. "मला तो माळेत मधोमध हवा होता."